ग्लायकनची चित्रं मॅटप्लॉटलिबमध्ये: आधी झाड, मग रंग

प्रश्न असा आहे: सीएचओ पेशींत (प्रयोगशाळेत वाढवलेल्या, चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातून आलेल्या पेशींत) तयार केलेल्या एका मोनोक्लोनल अँटिबॉडीवरच्या एन-ग्लायकनांची, म्हणजे प्रथिनाला जोडलेल्या साखरांच्या साखळ्यांची, यादी एक्सेलमध्ये आहे. प्रत्येकाची रचना आययूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या संक्षिप्त पद्धतीने एका ओळीत लिहिलेली आहे. सोबत माल्डीचा (लेझरने रेणू आयनित करून वस्तुमान मोजायच्या पद्धतीचा) मास स्पेक्ट्रम आहे. पायथॉन बऱ्यापैकी येतं. मॅटप्लॉटलिब या आलेख काढायच्या पायथॉन लायब्ररीत या साखरांच्या रचना काढून ज्या त्या शिखरावर बसवायच्या आहेत, पण षट्कोनी कडी आणि ओएच काढायला घेतले की नुसती गिचमिड होते. शिवाय मार्गदर्शकांना एक त्रिमितीय चित्रही हवंय. तर काय करावं?

पहिलं म्हणजे ओएच काढणं सोडा. तुमच्या यादीतला जी२एफ घ्या (जीपुढचा आकडा म्हणजे टोकाच्या गॅलॅक्टोजांची संख्या, एफ म्हणजे फ्युकोज). त्यात दहा साखरा आहेत, पण अणू मोजले तर २३६ भरतात. हायड्रोजन वगळले तरी १२२ उरतात. तीन सेंटिमीटर रुंदीच्या जागेत १२२ अणू काढून वाचणाऱ्याला काय कळणार? आणि ते काढायचेच असतील, एखाद्या विक्रियेत नेमका कुठला बंध तुटतो हे दाखवायचं असेल, तर ते काम आरडीकिटसारख्या रेणू काढणाऱ्या साधनाचं. मॅटप्लॉटलिबचं नव्हे.

ग्लायकनमध्ये माहिती असते ती कुठली साखर कुठल्या साखरेला, कितव्या कार्बनवर, अल्फा की बीटा (जोडाच्या दोन उलट दिशांपैकी कुठली) जोडली आहे यात. नुसते दोन ग्लुकोज घेतले तरी ते ११ तऱ्हांनी जोडता येतात: बीटा १-४ जोडला तर सेलोबायोज, अल्फा १-४ जोडला तर माल्टोज, आणि वस्तुमान सगळ्यांचं तंतोतंत एकच. तेव्हा चित्रात जोड दिसली पाहिजे. कडीचा आकार सगळ्या वाचकांना पाठ आहे.

यासाठी चिन्हांची पद्धत आहे, एसएनएफजी. १९७८ मध्ये कॉर्नफेल्ड यांच्या गटाने साखरांसाठी छोट्या आकृत्या वापरायला सुरुवात केली. पुढे त्यात बरीच भर पडली, आणि २०१५ साली आज चालते ती प्रमाण पद्धत ठरली. तिची मेख अशी की आकार साखरेचा वर्ग सांगतो आणि रंग त्यातली नेमकी साखर सांगतो. वर्तुळ म्हणजे हेक्सोज (ग्लुकोजसारखी सहा कार्बनांची साखर), चौकोन म्हणजे एन-ॲसिटिलहेक्सोसमाइन. निळा ग्लुकोजचा, पिवळा गॅलॅक्टोजचा, हिरवा मॅनोजचा. म्हणून निळा चौकोन ग्लकनॅक (एन-ॲसिटिलग्लुकोसमाइन) आणि पिवळा चौकोन गॅलनॅक. फ्युकोज लाल त्रिकोण, झायलोज नारिंगी तारा. सियालिक ॲसिडं हिऱ्याच्या आकाराची: न्यू५एसी जांभळं, न्यू५जीसी फिकट निळं. रंग अंदाजाने निवडू नका, त्यांचे आकडे ठरलेले आहेत. लाल-हिरवा-निळा या क्रमाने निळ्यासाठी ०, १४४, १८८. हिरव्यासाठी ०, १६६, ८१. पिवळ्यासाठी २५५, २१२, ०. लालसाठी २३७, २८, ३६. जांभळ्यासाठी १६५, ६७, १५३. फिकट निळ्यासाठी १४३, २०४, २३३. मॅटप्लॉटलिबला हे २५५ ने भागून द्यायचे. सगळ्या आकृत्यांना काळी बारीक किनार.

कोड लिहायला बसण्याआधी एक विचारतो: चित्रं किती हवीत? पाच-सात हवी असतील तर ड्रॉग्लायकन-एसएनएफजीसारखं तयार साधन उघडा, ओळ चिकटवा, चित्र उतरवून घ्या आणि चहाला जा. पायथॉनमध्येच राहायचं असेल तर ग्लायकोवर्क या पॅकेजात ग्लायकोड्रॉ आहे, तोही ओळीवरून थेट चित्र देतो. स्वतः लिहिण्यात अर्थ आहे तो तुमच्यासारख्या कामात. शंभरेक चित्रं एकाच मापात हवीत, ती आलेखातल्या नेमक्या बिंदूवर बसवायची आहेत, आणि उद्या यादी बदलली तर सगळं पुन्हा एका आज्ञेत निघायला हवंय.

लिहायचं ठरवलंत तर चित्राचा विचार बाजूला ठेवून आधी ओळीचं झाड करा. ग्लायकन म्हणजे वंशावळ आहे. एक मूळ पुरुष, म्हणजे प्रथिनाला चिकटलेली साखर, आणि तिच्यापासून फुटलेल्या फांद्या. संक्षिप्त पद्धतीत हे मूळ ओळीच्या उजव्या टोकाला असतं. तुमच्या यादीतल्या जी१एफची ओळ देवनागरीत अशी होईल (ए म्हणजे अल्फा, बी म्हणजे बीटा):

गॅल(बी१-४)ग्लकनॅक(बी१-२)मॅन(ए१-३)[ग्लकनॅक(बी१-२)मॅन(ए१-६)]मॅन(बी१-४)ग्लकनॅक(बी१-४)[फ्यूक(ए१-६)]ग्लकनॅक

ही डावीकडून वाचायला गेलात तर मूल आधी भेटतं आणि बाप नंतर, मग कुणाला कुठे टांगायचं ते आठवणीत ठेवत बसावं लागतं. उजवीकडून वाचा. पहिला ग्लकनॅक मूळ. पुढे बंद होणारा चौकटी कंस दिसला की समजायचं इथे फांदी सुरू होते. सध्याची साखर स्टॅकवर टाकायची. आत ए१-६ ने फ्यूक, तो मुळाचा मुलगा. उघडणारा कंस आला, फांदी संपली, स्टॅकवरून मूळ परत घ्यायचं. मग बी१-४ ने दुसरा ग्लकनॅक, त्याला बी१-४ ने मॅन. पुन्हा बंद कंस: ए१-६ ची फांदी, तिच्यावर मॅन आणि ग्लकनॅक. उघडा कंस, परत त्याच मधल्या मॅनवर. उरलेली ए१-३ ची फांदी सरळ टोकापर्यंत. नऊ साखरा, एक स्टॅक, रिकर्शनचीही गरज नाही. गोल कंसातली जोड तिच्या डावीकडच्या साखरेची असते. उजवीकडच्या साखरेवर ती फक्त जागा सांगते, हे डोक्यात पक्कं ठेवा.

इथे दोन ठिकाणी हमखास अडतं. पहिलं, गॅल हे गॅलनॅकच्या पोटात आहे आणि ग्लक हे ग्लकनॅकच्या. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये नावं लिहिताना लांब नाव आधी, छोटं नंतर. नाहीतर प्रत्येक निळ्या चौकोनाचं निळं वर्तुळ होतं आणि मागे ‘नॅक’ नावाचं अनाथ शेपूट उरतं. दुसरं, जोडीचा पहिला आकडा १ च असेल असं गृहीत धरू नका. सियालिक ॲसिड हे कीटोज वर्गातलं, त्याचा जोडणारा कार्बन दुसरा, त्यामुळे तिथे २-३ किंवा २-६ येतं. आणि आकड्याच्या जागी प्रश्नचिन्हही येऊ शकतं. तेही पार्सरने मुकाट्याने स्वीकारलं पाहिजे.

झाड तयार झालं की चित्राआधी वस्तुमान काढून पाहा. हेक्सोजचा अवशेष (जोडताना पाणी गेल्यावर उरणारा भाग) १६२.०५२८, हेक्सनॅक (एन-ॲसिटिलहेक्सोसमाइन) २०३.०७९४, फ्युकोज १४६.०५७९, न्यू५एसी २९१.०९५४. सगळ्यांची बेरीज, त्यात पाणी १८.०१०६ आणि सोडियम आयन २२.९८९२. जी०एफ १४८५.५३ येतो, जी१एफ १६४७.५९, जी२एफ १८०९.६४, मॅन५ (पाच मॅनोजांचा) १२५७.४२. हे आकडे तुमच्या शिखरांशी जुळले तर पार्सर नीट चालतोय. सगळेच साधारण १२० ने चुकत असतील तर पार्सरला दोष देऊ नका, नमुन्याला २-एबीचं (साखर चमकावी म्हणून जोडतात त्या रसायनाचं) लेबल लावलेलं असणार. परमिथिलेशन (ओएचवर मिथाइल बसवणं) केलं असेल तर तक्ताच वेगळा, तिथे हेक्सोज २०४.०९९८ चा. ही तपासणी कोडमध्येच घाला: झाडाचं वस्तुमान आणि शिखराचं वस्तुमान ठरवलेल्या मर्यादेत नसेल तर चित्र निघूच देऊ नये. दोन फ्युकोज आणि एक न्यू५एसी यांत जेमतेम १.०२ चा फरक आहे. समस्थानिकांच्या रांगेतलं (एकाच रेणूची साधारण १-१ च्या अंतराने येणारी शिखरं) पहिल्याऐवजी दुसरं शिखर उचललं गेलं तर जांभळा हिरा आणि लाल त्रिकोण यांची अदलाबदल होते, आणि चित्र मात्र दोन्ही वेळा सुबकच दिसतं.

आता मांडणी. मूळ उजवीकडे, झाड डावीकडे वाढतं. कुठल्याही साखरेचा एक्स म्हणजे मुळापासूनची पिढी, उणे चिन्ह लावून. वायसाठी टोकाच्या साखरांना खालून वर ०, १, २ असे क्रमांक द्या आणि बापाला मुलांच्या वायची सरासरी. एवढंच. झाडांच्या मांडणीसाठी राइनगोल्ड आणि टिलफर्ड यांची १९८१ ची प्रसिद्ध पद्धत आहे, पण दहा-पंधरा साखरांच्या झाडाला ती लागत नाही. मुलांचा क्रम जोडीच्या आकड्यावरून लावा: ६ व्या कार्बनवर जोडलेली (६-फांदी) वर, ३ ऱ्यावर जोडलेली (३-फांदी) खाली. हा क्रम प्रत्येक चित्रात तोच राहिला पाहिजे. एका चित्रात ६-फांदी वर आणि दुसऱ्यात खाली असेल तर वाचणारा दोन वेगळे रेणू समजतो.

फ्युकोजला मात्र वेगळी वागणूक द्यावी लागते. मुळावरचा ए१-६ फ्यूक इतरांसारखा टोक म्हणून मोजला तर तो अख्ख्या झाडाचा तोल बिघडवतो. मधला कणा तिरपा होतो आणि जी०एफ व जी० शेजारी ठेवले तर एकाच कुळातले वाटतच नाहीत. म्हणून टोकं मोजताना फ्यूक वगळायचा. नंतर त्याला बापाच्याच एक्सवर, काटकोनात एक घर वर किंवा खाली बसवायचं. फ्यूक फांदीवरच्या ग्लकनॅकला असेल तर वरच्या फांदीवर वर आणि खालच्या फांदीवर खाली, म्हणजे दोन फांद्यांच्या मध्ये गर्दी होत नाही.

जोड दाखवायच्या दोन रीती आहेत. एकीत रेघेवर बारीक अक्षरात अल्फा किंवा बीटा आणि आकडा लिहितात. दुसरी ऑक्सफर्डची: रेघेचा कोन जागा सांगतो आणि तुटक रेघ अल्फा, सलग रेघ बीटा. स्पेक्ट्रमवर चित्र सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचं असतं, तिथे अक्षरं मुंगीएवढी होतात, म्हणून मला तुटक-सलगची रीत बरी वाटते. पुरवणीतल्या मोठ्या तक्त्यात अक्षरं लिहा. दोन्ही एकाच चित्रात मिसळू नका.

चिन्हं काढताना मॅटप्लॉटलिबच्या काही खोडी आहेत. रेग्युलरपॉलिगॉनला जी त्रिज्या देता ती मध्यापासून कोपऱ्यापर्यंतची असते. तेवढीच त्रिज्या वर्तुळाला आणि चौकोनाला दिली तर चौकोनाची बाजू त्रिज्येच्या १.४१ पट येते, वर्तुळाचा व्यास मात्र दुप्पट, आणि चौकोन उपाशी दिसतो. बाजू आणि व्यास समान हवे असतील तर चौकोनाची त्रिज्या बाजू भागिले वर्गमूळ दोन. शिवाय चार कोपऱ्यांचा बहुभुज तो आपणहून हिऱ्यासारखा, टोकावर उभा काढतो. ग्लकनॅकसाठी π भागिले चार, म्हणजे ४५ अंश, एवढा फिरवावा लागतो, सियालिक ॲसिडसाठी आहे तसाच चालतो. त्रिकोणाचं आणखी वेगळं: त्याचा मध्य पायापासून अर्ध्या त्रिज्येवर आणि शेंड्यापासून पूर्ण त्रिज्येवर असतो, त्यामुळे तो रेघेवर ठेवला की वर उचलल्यासारखा दिसतो. पाव त्रिज्या खाली सरकवा, नीट बसतो. ग्लुकुरॉनिक ॲसिडचा हिरा अर्धा निळा अर्धा पांढरा असतो. त्याला तयार आकृती शोधत बसू नका, दोन त्रिकोण आणि वरून एक किनार, झालं. हेपारिनसारख्या लांब साखळ्यांवर कधी वळलात तर हे लागेल, अँटिबॉडीत लागणार नाही. रेघा झेड-ऑर्डर १ वर, चिन्हं २ वर, म्हणजे रेघा चिन्हांच्या मागे लपतात आणि त्यांची टोकं मोजून कापावी लागत नाहीत.

आता तुमचा खरा प्रश्न, शिखरावर बसवणं. हे चित्र थेट स्पेक्ट्रमच्या अक्षांवर काढलंत तर वर्तुळाची लंबगोल पापडी होते, कारण आडवा अक्ष १००० ते ३००० चा आणि उभा ० ते १०० चा. एका अक्षावरचं एक एकक आणि दुसऱ्यावरचं एक एकक कागदावर सारखं नसतं. दोन्ही अक्षांची मापं सारखी करणं इथे शक्यच नाही. उपाय म्हणजे चित्र पॉइंटच्या मापात काढायचं आणि फक्त नांगर डेटाच्या बिंदूवर टाकायचा. त्यासाठी ऑफसेटबॉक्स मॉड्यूलमध्ये ड्रॉइंगएरिया आणि ॲनोटेशन-बीबॉक्स आहेत. ड्रॉइंगएरियात घर १२ पॉइंटचं, चिन्ह ७ पॉइंटचं आणि रेघ ०.८ पॉइंटची धरून झाड काढा, मग ॲनोटेशन-बीबॉक्सला शिखराचे एक्स-वाय आणि वर किती पॉइंट उचलायचं ते द्या. अक्षांची मर्यादा बदला, आकृती मोठी करा, चिन्हं गोलच राहतात.

गर्दीचं काय? अँटिबॉडीच्या स्पेक्ट्रममध्ये जी०एफ, जी१एफ, जी२एफ ही त्रयी १६२ च्या अंतराने येते, ती सुखाने मावते. त्यांच्या मधली बारीक शिखरं त्रास देतात. सगळ्यांवर चित्र लावायचा हट्ट धरू नका. उंचीची एक मर्यादा ठरवा, तिच्या वरच्यांनाच चित्र, बाकीच्यांना नुसता आकडा. शेजारच्या दोन चित्रांच्या चौकटी एकमेकींवर येत असतील तर दुसरं चित्र एक पायरी वर उचला आणि शिखरापर्यंत राखाडी बारीक रेघ सोडा. चौकटी तपासायला आधी एकदा आकृती ड्रॉ करून घ्यावी लागते, त्याशिवाय मॅटप्लॉटलिबला स्वतःलाच मापं ठाऊक नसतात. आपोआप जागा शोधणारी पॅकेजेस आहेत, पण ती मजकुरासाठी बनवलेली. चित्रांना ती भलतीकडे ढकलतात. दोन-चार ठिकाणी हाताने सरकवणं मी तरी कमीपणाचं मानत नाही.

आता ज्यावर परीक्षक बोट ठेवतात ते सांगतो. जी१एफमध्ये एकच गॅलॅक्टोज आहे. तो ६-फांदीवर आहे की ३-फांदीवर? वस्तुमान दोन्हीकडे १६४७.५९. माल्डीच्या एका शिखरावरून हे कळणं शक्यच नाही. तुमच्या यादीतल्या ओळीत मात्र गॅल ३-फांदीवर लिहिलेला आहे, कारण ओळ लिहिताना कुठेतरी लिहावाच लागतो. चित्र ते जसंच्या तसं काढेल आणि वाचणाऱ्याला वाटेल तुम्ही ते मोजलंय. हिलिक स्तंभावर (साखरा वेगळ्या करणाऱ्या द्रव क्रोमॅटोग्राफीच्या) दोन समघटक वेगळे काढून पाहिले असतील (६-फांदीवाला सहसा आधी उतरतो) तर खुशाल काढा. नसतील तर दोन्ही फांद्यांच्या टोकांबाहेर एक उभा महिरपी कंस काढून त्याच्या डावीकडे पिवळं वर्तुळ ठेवायचं: गॅल आहे, कुठल्या फांदीवर ते ठरवलेलं नाही. एसएनएफजीत ही सोय आहेच. झाडाच्या नोंदीत ‘बाप अनिश्चित’ असा एक रकाना ठेवा, मांडणी करणारा भाग तो पाहून चिन्ह कंसाबाहेर ठेवेल.

जोडीचंही तेच. सीएचओ पेशी सियालिक ॲसिड अल्फा २-३ नेच जोडतात, २-६ जोडणारं एन्झाइम त्या वापरत नाहीत. म्हणून तिथे २-३ लिहिलेलं बहुधा बरोबरच असेल, पण ते तुमच्या स्पेक्ट्रममधून आलेलं नाही, पेशीबद्दलच्या ज्ञानातून आलंय. आकृतीखालच्या टिपेत तसं एक वाक्य लिहा. त्याहून नाजूक प्रकरण फिकट निळ्या हिऱ्याचं. न्यू५जीसी आणि फ्युकोज यांची बेरीज ४५३.१४८२. न्यू५एसी आणि हेक्सोज यांचीही ४५३.१४८२, कारण अणू तेच आहेत. कितीही महागडं यंत्र असो, नुसत्या वस्तुमानावर हे दोन वेगळे होणार नाहीत. रेणू फोडून तुकडे पाहावे लागतात. आणि न्यू५जीसी माणसाचं शरीर स्वतः बनवत नाही, आपल्यातलं ते जनुक केव्हाच निकामी झालंय. त्यामुळे औषध म्हणून द्यायच्या अँटिबॉडीवर फिकट निळा हिरा काढणं म्हणजे साधी नोंद नव्हे, आरोप आहे. उंदराच्या पेशींतून आलेल्या अँटिबॉडीत तो खरोखर सापडतो, पण सीएचओच्या नमुन्यात शोधप्रणालीने सुचवला म्हणून काढू नका. तुकड्यांचा पुरावा पाहा, मग रंग भरा.

छपाईबद्दल एक. एसएनएफजीचे रंग पडद्यावर छान दिसतात, पण आपल्याकडे प्रबंधाच्या प्रती काळ्या-पांढऱ्या निघतात. करड्या छटेचं नेहमीचं सूत्र लावून पाहिलं तर निळा १०६ वर येतो, हिरवा १०७ वर, आणि जांभळाही १०६ वर. म्हणजे तिन्ही एकच करडा. जांभळा हिरा आकारावरून ओळखू येईल, पण निळं वर्तुळ आणि हिरवं वर्तुळ? ग्लुकोज आणि मॅनोज एक झाले. अँटिबॉडीवर ग्लुकोज नसतो म्हणून तुमचं निभावेल. पण एन-ग्लायकन तयार होताना जी पहिली १४ साखरांची रचना प्रथिनाला जोडली जाते तिच्या एका फांदीच्या टोकाला तीन ग्लुकोज आणि मागे नऊ मॅनोज असतात. प्रस्तावनेच्या प्रकरणात ते चित्र तुम्ही घालणारच, आणि झेरॉक्समध्ये बाराही वर्तुळं सारखी दिसणार. ग्लुकोजच्या वर्तुळात एक बारीक अक्षर घाला किंवा हॅच (तिरप्या रेघा) द्या.

मराठीत तक्ता किंवा भित्तिपत्रक करायचं असेल तर मॅटप्लॉटलिबच्या बऱ्याच आवृत्त्यांतली नेहमीची मजकुराची व्यवस्था देवनागरी नीट जुळवत नाही: पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते, जोडाक्षरं फुटतात. एसव्हीजीत मजकूर मजकूर म्हणूनच राहू द्या (फाँटटाइपची सेटिंग ‘नन’), मग ब्राउझर किंवा इंकस्केप तो व्यवस्थित जुळवतो. पीडीएफच हवी असेल तर पीजीएफ बॅकएंड झीलाटेकसह वापरा.

राहिलं त्रिमितीय चित्र. ते मॅटप्लॉटलिबमध्ये करू नका. त्याचा त्रिमितीय भाग पृष्ठभागांचे आलेख काढायला ठीक आहे, रेणूंसाठी नाही. पीडीबीत (प्रथिनांच्या रचनांच्या जागतिक संग्रहात) अँटिबॉडीच्या एफसी भागाच्या, म्हणजे तिच्या देठाच्या, स्फटिकरचना ग्लायकनसह आहेत, आणि जुलै २०२० मध्ये पीडीबीने आपल्या संग्रहातल्या साखरांची नावं व जोडण्या एकदा साफ करून घेतल्या, त्यामुळे आता त्या शोधणं सोपं झालंय. मोलस्टार या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या रचनादर्शकात रचना उघडा, तो साखरांच्या जागी एसएनएफजीची घन चिन्हं दाखवतो: निळे ठोकळे, हिरवे गोळे. व्हीएमडी हे रेणू दाखवणारं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यालाही तशी स्क्रिप्ट आहे. ज्या ग्लायकनची स्फटिकरचना नाही त्याचा नमुना ग्लायकॅम-वेबवर बांधता येतो. फक्त मार्गदर्शकांना आधीच सांगून ठेवा की तो एक शक्य आकार आहे. अल्फा १-६ च्या जोडीत एक जादा बंध फिरतो, त्याच्या तीन आवडत्या स्थिती असतात, आणि ६-फांदी त्याप्रमाणे निरनिराळ्या दिशांना डोलते. एफसीमध्ये ती प्रथिनाच्या अंगाला टेकलेली असते, सुट्या ग्लायकनमध्ये मोकळी.

हा डोल खरंच दाखवायचा असेल तर एका गोठलेल्या चित्रापेक्षा फाय-साय (जोडीतल्या दोन बंधांभोवती फिरण्याचे कोन) आलेख जास्त सांगतो, आणि तो मात्र मॅटप्लॉटलिबचंच काम. जी. एन. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मद्रासला प्रथिनांसाठी जी रीत आणली तीच साखरेच्या जोडीला लावायची: आडव्या अक्षावर फाय, उभ्यावर साय, आणि रेणूच्या हालचालीच्या संगणकी सिम्युलेशनमधल्या प्रत्येक क्षणाचा एक ठिपका किंवा त्यांचा द्विमितीय हिस्टोग्राम. काढताना दोन गोष्टी पाहा. कोन वर्तुळावर फिरतात, उणे १८० आणि अधिक १८० एकच. एखादा पुंजका नेमका कडेवर पडला तर तो आलेखाच्या दोन टोकांना दुभंगतो आणि दोन आकार असल्याचा भास होतो. अशा वेळी अक्ष ० ते ३६० चा घ्या. दुसरं, फायची व्याख्या लिहा. काही जण तो कडीतल्या ऑक्सिजनपासून मोजतात, एनएमआरवाले पहिल्या कार्बनवरच्या हायड्रोजनपासून, आणि या दोहोंत सुमारे १२० अंशांचा फरक पडतो. दुसऱ्याच्या आलेखाशी आपले ठिपके जुळत नसतील तर सिम्युलेशन पुन्हा चालवण्याआधी त्यांनी कुठल्या अणूपासून मोजलंय ते बघून घ्या.